‘आई, मी आत्ता काय सांगितलं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

रत्नागिरीजवळच्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. घरची आंब्या-काजूची थोडी बाग आहे, नवरा हंगामात पेट्यांच्या धावपळीत असतो. त्या स्वतः आमसुलं, आगळ आणि आंब्याची साठं करून विकतात. मुलगा आठ वर्षांचा, यंदा चौथीत जाईल. दिवाळीपासून त्याला रेल्वेचं वेड लागलं आहे. घरामागच्या डोंगराच्या अंगाने कोकण रेल्वे जाते. शिटी ऐकली की तो ताटावरून उठून पडवीत धावतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा पूल ६४ मीटर उंच, पूर्ण मार्गावर ९१ बोगदे, मांडवी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सात दहाला सुटते, हे दिवसातून दहा वेळा ऐकवतो. याआधी डायनासोर झाले, मग क्यूब, मग खेकडे. प्रत्येक वेड तीन-चार महिन्यांत उतरलं. तबल्याचा क्लास दीड महिन्यात सुटला. परीक्षेआधी शाळेतल्या बाईंनी गणिताची वही दाखवली, तर मागच्या पानांवर सगळी इंजिनं. सासूबाई म्हणतात, ‘लाडावून ठेवलंन हिने पोराला.’ नवरा हसतो आणि म्हणतो, ‘होऊ दे इंजिन ड्रायव्हर.’

त्या लिहितात: ‘मला खरंच कंटाळा येतो. मी हं हं करते. एका रात्री तो सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, “आई, मी आत्ता काय सांगितलं?” मला सांगता आलं नाही. त्यानंतर तो मला कमी सांगतो, पडवीतल्या मांजरीला जास्त सांगतो. मी काय करू? उद्या उतरणाऱ्या वेडात मी किती जीव घालू? आणि हा मुलगा कशालाच धरून राहणार नाही का?’

*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मांजरीपाशी थांबले. दुसऱ्यांदा मात्र वेगळंच लक्षात आलं. करबुडे साडेसहा किलोमीटर, पानवल ६४ मीटर, बोगदे ९१, मांडवी सात दहा. हे तुम्ही मला कुठेही न बघता लिहिलंत ना? मी आकडे ताडून पाहिले, सगळे बरोबर आहेत. त्या एका रात्री तुम्हाला उत्तर देता आलं नाही, पण सहा महिन्यांत तुमच्या कानांनी बरंच काही साठवलं आहे. हे मुलाला ठाऊक नाही. त्याला ते कळायला हवं आणि कळवणं सोपं आहे. त्याकडे पुढे येते.

आधी तो कंटाळा. तुम्ही तो अपराध कबूल केल्यासारखा लिहिला आहे. आपल्याकडे चांगल्या आईचं एक चित्र रंगवून ठेवलेलं असतं: मूल जे काही आणेल त्याने तिचा चेहरा उजळतो. तसं होत नाही. दिवसभर रातांबे फोडून, सालं उन्हात घालून, रसात बुडवून पुन्हा वाळवून हात लालभडक झालेल्या बाईला संध्याकाळी इंजिनांच्या जाती ऐकाव्याशा वाटल्या नाहीत, तर त्यात तिच्या मायेत काही उणं नाही. मुलाच्या वेडात सामील होणं म्हणजे आपल्यालाही ते वेड लागणं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार संबंध नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. आमचं घर खाडीकाठी. वडील शाळामास्तर होते, पाण्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मी दहा वर्षांची असताना शेजारच्या होडीवाल्या काकांनी मला भरतीचा हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. पंचमीला पाच पाऊण पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. रोज पंचांग बघायचं, हिशेब करायचा आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊन तो खरा ठरतो का ते पाहायचं. वेळ अवेळी असली की वडील सोबत यायचे. ते पाण्याकडे बघत बसायचे नाहीत. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा काखेत मारून आणायचे, वरच्या पायरीवर बसून लाल पेन्सिलीने खुणा करायचे. पाणी चढायचं थांबलं की मी ओरडायची. ते मान वर करून एकच प्रश्न विचारायचे: ‘कितवी पायरी?’ मी म्हणायची, ‘नववी.’ ‘काल?’ ‘आठवी.’ ‘म्हणजे चढतंय,’ म्हणायचे आणि पुन्हा वहीत डोकं घालायचे. बस. दोन-अडीच महिने हे चाललं. पाऊस लागला, पायऱ्या शेवाळल्या आणि माझं वेड भरतकामाकडे गेलं. त्यांनी भरतीचं पुन्हा कधी विचारलं नाही आणि टोमणाही मारला नाही.

ते माझ्या वेडात होते की नव्हते? मला विचाराल तर पुरते होते. पाण्यात त्यांना गोडी नव्हती, पण कालची पायरी त्यांना आज आठवायची. तुमच्या मुलाने त्या रात्री हेच तर मागितलं. ‘आई, तुला रेल्वे आवडते का?’ असं तो म्हणाला नाही. ‘मी काय सांगितलं?’ असं म्हणाला.

आता ‘हं हं’बद्दल. मुलांना हा आवाज लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं त्यांना चालतं: ‘राजा, आत्ता हिशेब चाललाय, डोक्यात शिरणार नाही. जेवणं झाली की सांग, मी ऐकते.’ आणि मग जेवणं झाल्यावर खरोखर बसायचं, पंधरा मिनिटं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून चार दिवस, पण ठरलेली वेळ मोडायची नाही. एरवी कामात हात चालू असताना ऐकायलाही काही हरकत नाही. आमसुलांच्या पिशव्या भरायच्या असतील तर त्याला शेजारी बसवा, लेबलं त्याच्या हातात द्या, तो चिकटवत चिकटवत बोलेल. समोरासमोर डोळ्यांत बघून सांगण्यापेक्षा मुलं अशी बाजूला बसून जास्त मोकळी होतात. फक्त तेवढा वेळ मोबाईल आत ठेवा. हात कामात असलेला मुलांना चालतो, नजर स्क्रीनवर गेलेली चालत नाही.

आणि त्याला विचाराल ते तुम्हाला स्वतःला पडलेलं विचारा. खोटं कौतुक नको. ‘अरे वा, किती छान इंजिन’ याच्यापुढे त्याला बोलायला काही उरत नाही. तुम्हीही कधी मुंबईला गेला असाल, आणि आडगावच्या स्टेशनात गाडी अर्धा तास उभी राहिली म्हणून वैतागला असाल. ते विचारा त्याला: गाडी उगाच का थांबते? तो सांगेल की वीर स्टेशनच्या खाली एकच रूळ आहे, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एकीला स्टेशनात थांबावं लागतं, त्याला क्रॉसिंग म्हणतात. बहुतेक काड्यापेटीतल्या काड्या मांडून दाखवेल. पावसाळ्यात गाड्यांना जास्त वेळ का लागतो, तेही विचारा. डोंगर कापून काढलेला हा मार्ग, दरडीची भीती, म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं वेळापत्रक असतं, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असतो. हे त्याला ठाऊक असेल. नसेल तर तो शोधून आणेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातूनच सांगायला लागेल.

सासूबाईंना बाजूला ठेवू नका. त्यांचा राग मुलावर नसावा, तुमचा वेळ जातोय त्याचा असावा. या मार्गावर रोह्यापासून खाली मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सलग गाडी सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ला. म्हणजे सासूबाईंचं अर्धं आयुष्य रेल्वेशिवाय गेलंय. मुंबईहून माहेरी-सासरी कशा यायच्या, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने की एसटीने रात्रभर घाट उतरत. बोट लागली की पडावातून कसं उतरायचं, सामान कोण घ्यायचं, हे त्या मुलाला सांगू शकतील, आणि त्याच्यासारखा ऐकणारा त्यांना घरात दुसरा मिळायचा नाही. नातवाने त्यांना एकदा एवढंच विचारावं: ‘आजी, रेल्वे नव्हती तेव्हा तू कशी यायचीस?’ तुम्ही मध्ये काही बोलू नका.

तुमच्या यजमानांनाही यात थोडं ओढा. ‘होऊ दे इंजिन ड्रायव्हर’ हे ते गमतीने म्हणतात, पण मुलाच्या कानावर दोन गोष्टी पडतात: बाबांना ही थट्टा वाटते, आणि आपण ज्यात रमलो त्याचं पुढे काहीतरी झालं पाहिजे. पेट्यांची गर्दी ओसरली की एका सकाळी त्यांनी त्याला रत्नागिरी स्टेशनवर न्यावं. प्लॅटफॉर्म तिकिटाचे दहा रुपये, एक चहा, एक वडापाव, दोन तास. तिथे मुलाने बाबांना दाखवायचं, बाबांनी मुलाला नाही. एक गोष्ट मात्र दोघांनी मिळून अगदी कडक ठेवा: रुळांवर पाऊल नाही, बोगद्याच्या तोंडाशी नाही, पुलावर तर नाहीच. घराजवळून गाडी जाते म्हणून हे मुद्दाम सांगते. रुळांवरून चालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि विजेवरची गाडी डिझेलच्या मानाने फार गुपचूप येते. २०२२ला पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं, तेव्हा ‘आवाज आला की बाजूला होऊ’ हा गावातला जुना हिशेब आता धरू नका. बघायचं ते पडवीतून किंवा प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेघेच्या आतून.

आता तुमची खरी भीती. हा कशालाच धरून राहणार नाही का?

तुम्ही तबला आणि डायनासोर एका यादीत लिहिलेत. मी ते वेगळे करीन. तबल्याचा क्लास कुणी ठरवला होता? पत्रात लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की त्याने नाही. मोठ्यांनी लावलेलं काम मुलाने सोडलं तर त्याबद्दल वेगळं बोलायला हवं. फी भरली होती, सर वाट बघत होते, सोडायचं तर महिना पुरा करून, सरांना सांगून, नमस्कार करून सोडायचं. हे शिस्तीचं शिकवणं तुमचं आहेच. पण डायनासोर, क्यूब, खेकडे ही त्याची स्वतःची भटकंती होती. ती कुठे पोहोचली नाही म्हणून तिला धरसोड म्हणू नका.

तुमच्याच पत्रात खाली घाईघाईने लिहिलेलं एक वाक्य आहे: नारळाच्या हिरांचा आणि दोऱ्याचा पानवलचा पूल त्याने चार दिवस बांधला, तीनदा कोसळला तरी पुन्हा उभा केला. ताई, हे तुम्ही तक्रारीत लिहिलंय, ‘सगळ्या घरात हीर’ म्हणून! आठ वर्षांचं पोर एकच गोष्ट चौथ्यांदा बांधतं, तेव्हा चिकाटी आणखी कशी दिसायला हवी? त्याची चिकाटी विषयाला बांधलेली नाही, एवढंच. या वयात ती तशी नसतेच. तुमच्या कलमांना मोहर किती येतो आणि फळ किती धरतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. गळालेला मोहर झाडाचा आळस असतो का?

पैशाबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण क्यूबचे चार प्रकार आणि खेकड्यांसाठी आणलेली काचेची टाकी यांचा उल्लेख केलात, म्हणून लिहिते. नवं वेड लागलं की पहिला महिना काही विकत आणू नये. हीर, पुठ्ठा, करवंट्या, जुनी वही, ग्रंथालयातलं पुस्तक यांवर भागवावं. महिन्यानंतरही भूक तशीच असेल तर एक वस्तू, त्याने निवडलेली, आधी ठरलेल्या रकमेतली. यात काटकसरीपेक्षा दुसरं एक कारण मला मोठं वाटतं. आपण जितका पैसा घालतो तितका त्या वेडावर आपला हक्क सांगू लागतो. मग ते उतरलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं आणि मूल उगाच गुन्हेगार ठरतं.

हक्क सांगण्याची चूक मी केली आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना गुहागरला आम्ही वर्षभर होतो. तिला शंख-शिंपल्यांचा नाद लागला. फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची, न्हाणीघरात धुवायची, बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. मला इतका आनंद झाला की मी खणांचे खोके आणले, चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख लिहायला लावली, पाहुणे आले की ‘दाखव गं तुझा संग्रह’. आठ दिवसांत ती वाळूत वाकायची थांबली. पुढे मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, ‘आई, मला ते फक्त ओले असताना आवडायचे.’ मला ते तेव्हा विचारावंसंही वाटलं नव्हतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: त्याच्या रेल्वेचा प्रकल्प करू नका. रील काढू नका, पाहुण्यांसमोर बोगद्यांची नावं म्हणायला लावू नका, वेळापत्रकावरून वजाबाकीची गणितं घालू नका. बाईंच्या तक्रारीला उत्तर साधं आहे. इंजिनांसाठी एक वेगळी वही द्या आणि सांगा, गणिताच्या वहीत गणितच. हे तो ऐकेल, कारण वेगळी वही मिळणं म्हणजे त्याच्या वेडाला घरात जागा मिळणं.

यातून वाटा फुटतात त्या आपोआप फुटू द्याव्यात. समजा, एक दिवस त्याने विचारलं, सावंतवाडीच्या गाडीचं नाव ‘तुतारी’ का? तेव्हा सांगा की ते केशवसुतांच्या कवितेवरून आहे आणि केशवसुत आपल्या मालगुंडचे. विचारलंच नाही तर राहू द्या.

असंच दुसऱ्या घरांतूनही मला विचारलं जातं. कुणाच्या मुलीला कोरियन गाण्यांचं वेड आहे, कुणाचा मुलगा पतंगाशिवाय बोलत नाही. त्यांनाही हेच लागू पडेल. मोबाईलवरच्या खेळांचं मात्र मी यात धरत नाही. ते मुलाला सोडायचं नाही अशाच बेताने बनवलेले असतात, तिथे आधी वेळेची मर्यादा आणि मग गप्पा. आणि एक काळजीची खूण सांगून ठेवते. मुलाचं खाणं-झोपणं बिघडलं, दुसऱ्या मुलांबरोबर खेळणं पार थांबलं, किंवा गाडी उशिरा आली एवढ्यावरून ते तासन्‌तास सावरेनासं झालं, तर बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्यावं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तो खेळतो, भांडतो, मांजरीशी बोलतो.

वेड उतरेल. कदाचित या पावसातच. उतरलं की ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ हे कुणी म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा नाही. हिरांचा पूल लगेच चुलीत घालू नका, माळ्यावर ठेवा. आणि तुम्हाला एव्हाना थोडी गोडी लागली असेल तर तुम्ही गाड्या ओळखत राहा, पण त्याला परत ओढू नका. तो पुढच्या गोष्टीकडे गेला की तिथे जाऊन बसा.

सुरुवात आज रात्री करा. जेवणं झाल्यावर, तो अंथरुणात असताना, त्याने काही सांगायच्या आधी तुम्ही म्हणा: ‘त्या दिवशी तू विचारलंस आणि मला सांगता आलं नाही. माझं लक्ष नव्हतं, चुकलं माझं. पण पानवलचा पूल ६४ मीटर, हे मला पाठ आहे. करबुडे साडेसहा किलोमीटर. मांडवी सात दहा. आणखी काय राहिलं?’ मग गप्प बसा. बहुधा तो आधी तुमची एखादी चूक काढेल, साडेसहा नाही, सहा हजार पाचशे सहा मीटर, म्हणून. काढू द्या.

आणि जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागेल, तेव्हा त्याचा भिंतीवरचा तक्ता सगळा नव्याने लिहावा लागेल. मृग लागायच्या आत बाजारातून एक कोरा पुठ्ठा आणून ठेवा. तोवर रेल्वे संपून दुसरं काही सुरू झालं असेल, तर त्यालाही पुठ्ठा लागेलच.